टपालपेटीची घंटा

६ जानेवारी

आईचं इन्सुलिन टपालानेच येतं. गावातलं औषधाचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं, आता दुसरा मार्ग नाही. आणि आमची टपालपेटी पार रस्त्याच्या कडेला, घरापासून अर्धा मैल. पत्र्याची. बाहेर उणे वीस! औषध एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं. मी कॉलेजात असताना दोन हिवाळे कसं निभावलंस, असं विचारलं, तर म्हणते, "निभतं."

मार्चमध्ये मी नोकरीला फार्गो शहरात जाणार. मग ती दुखऱ्या पायाने बर्फातून सारखी बघायला जाणार का? — घंटा करायची ठरवलं. घरातल्या पहिल्या पदवीधराला एवढं तरी यायला हवं.

११ जानेवारी

झाली. पेटीच्या झाकणाला चुंबक, आत कळ आणि बॅटरी, स्वयंपाकघरात बिनतारी घंटा. झाकण उघडलं की वाजते. आई म्हणाली, "एवढ्यासाठी चार वर्षं?" नंतर फोनवर मावशीला तेच सांगताना मात्र आवाज फुललेला होता.

१२ जानेवारी

सकाळीच घंटा! पळत गेले. बर्फ काढणाऱ्या गाडीने पेटी खांबासकट चरात उडवलेली. आई हसत सुटली. "दर हिवाळ्यात उडवतात गं. विसरलीस?" विसरले होते. जमीन दगडासारखी, खणता येईना. आईने दुधाचा जुना कॅन आणला, खांब त्यात उभा करून खडी भरली. नव्या खांबापेक्षा घट्ट बसलाय.

१९ जानेवारी

घंटा रोज वाजते. आज मुद्दाम पेटीपाशी उभी राहिले. टपाल वाटणारी वर्ना, गाडीचं चाक डावीकडे असूनही, पेटीच्या बाजूला म्हणजे उजवीकडच्या सीटवर बसते, डावा हात चाकावर, डावा पाय पेडलवर, आणि खिडकीतून टपाल टाकते. निसरड्या रस्त्यावर! बघतच राहिले.

२३ जानेवारी

आज औषध यायचं होतं. आईने सकाळीच तीन कप मांडले, तेव्हाच कळायला हवं होतं.

टपालाची वेळ टळली, घंटा नाही. बॅटरी थंडीने गेली असं समजून घाईघाईने बूट चढवत होते, तर दारात वर्ना. कोटाच्या आतून खोकं काढून आईला दिलं. "घे सोल्वेग. ऊब आहे अजून."

दोन्ही हिवाळे ती अशीच घरापर्यंत वर येत होती. एरवी टपाल पेटीत, औषध मात्र हातात. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

"मग मला घंटा का करू दिलीस?" आईला विचारलं. ती कॉफी ओतायला लागली. वर्नाच म्हणाली, "मी या महिन्याअखेर निवृत्त होतेय, पोरी. नव्या माणसाला वर यायला सवड नसणार. तुझी घंटा चालू दे म्हणजे झालं."

"आणि तू कॉफी कुठे पिणार?" आई म्हणाली.

"तेच म्हणते. फुकट कुठे मिळणार आता?"

तिचा कोट किती पातळ आहे! आतली सगळी ऊब खोक्यालाच देत असणार.

२० फेब्रुवारी

घंटा वाजली. धावले. औषध गोठलं नव्हतं. कोटाच्या आत धरून आणलं.

टेबलावर तीन कप, आणि वर्ना केव्हाच येऊन बसलेली.