राळ जरा जास्त झाली

माय, तुझं पॉलिश काढायला बसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुझं तोंड सुटायला नको. गिटारीचं डोकं, जिथे तारा पिळायच्या चाव्या असतात ती वरची फळी, पार खराब झाली आहे. तुझ्या हातचं पॉलिश दर उन्हाळ्यात पाघळतं आणि गवसणीचे धागे, धूळ, एकदा तर मुंगळासुद्धा त्यात रुतून बसला. औरंगाबादच्या वाद्यांच्या दुकानातला माणूस म्हणाला, सगळं खरवडून टाका, मी मशीनने नवा रंग फवारून देतो, काचेसारखं होईल. मी गिटार उचलून घरी घेऊन आले. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण तुझं काम काढायचंच असेल तर ते परक्या माणसाने का काढावं? आणि काढावं की नाही, हेच मला अजून उमगत नाही. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तुझं कामाचं दुकान आठवतं का तुला? नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे, वर पत्रे. बहात्तरच्या दुष्काळात आपण टेंभुर्णीहून आलो, तू आधी खडी फोडलीस आणि मग त्या फर्निचरच्या दुकानात घासकामाला लागलीस. कपाटं, टेबलं काचपेपरने घासून गुळगुळीत करायची, एवढंच तुझं काम. त्यावर लाखेचं पॉलिश मारायचं ते मिस्त्रीने. मी तेव्हा मास्तरकीच्या कॉलेजात होते, तास संपले की तुला घ्यायला यायचे. मिस्त्री पॉलिशचा बोळा फिरवतो आहे आणि तू बाजूला उभी, कमरेवर हात ठेवून त्याच्या मनगटाकडे बघते आहेस. "मिस्त्री, येक डाव मला मारू द्या की." तो वर न बघता म्हणतो, "बायकांचं काम न्हाई ते. बांगड्या लागत्यात, लाकडाला चरे पडत्यात." तू दोन्ही हात त्याच्यापुढे धरतेस. बाबा गेल्यापासून ते रिकामेच होते. "कुठं हायेत बांगड्या? दाखवा बरं." मिस्त्री मान खाली घालून बोळा फिरवत राहतो. माणूस वाईट नव्हता. पण बोळा त्याने तुला दिला नाही तो नाहीच.

गिटार त्याच दुकानात पडून होती. बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आला होता, ट्रकमधून सामान उतरवताना हिचं डोकं आपटलं, कोपरा उडाला, काळा रंग निघाला. जालन्यात वाद्यं दुरुस्त करणारं कोण होतं तेव्हा? लाकूडच आहे म्हणून सुताराकडे आणून टाकली आणि ती मंडळी गेली ती गेलीच. त्यांची तालीम मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहून ऐकली होती आणि घरी येऊन गिटार गिटार करून तुझं डोकं खाल्लं होतं. तू तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. पण कितीतरी दिवसांनी, एका संध्याकाळी, पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी सरपणासारखं डोक्यावर घेऊन आलीस. "मिस्त्री म्हन्ले घेऊन जाय, जागा अडवून राह्यली. वाजती का पाह्य."

त्या रविवारी तू चूल पेटवली नाहीस, स्पिरिट भडकेल म्हणून. आपण आदल्या दिवशीची भाकर आणि ठेचा उंबऱ्यात बसून खाल्ला. मग चुलीजवळच्या कोपऱ्यात तू पोतं अंथरलंस. आधी चाव्या सोडवल्यास, त्यांचे स्क्रू वाटीत ठेवलेस. उरलेला काळा रंग फुटक्या काचेच्या धारेने खरवडलास, त्याबरोबर कंपनीची सोनेरी अक्षरंही गेली. उडालेल्या कोपऱ्यात भुसा आणि सरस कालवून भरलास, तो वाळल्यावर काचपेपर, आधी खरखरीत, मग बारीक, लाकडाच्या रेषेरेषेने. इथवर तुझा हात कोणी धरू शकलं नसतं. पुढचं मात्र तू नुसतं पाहिलेलं होतंस. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजली होती. ती बाटली तू उन्हाकडे धरून बघितलीस आणि तिच्यात कुटलेली राळ टाकलीस. राळेने चकाकी येते एवढं तुला ठाऊक होतं. किती टाकायची, ते मिस्त्री कधी बोलला नव्हता. "आजून जराशी टाकते. सायबाच्या कपाटापरीस जास्त चमकाया पाह्यजे." जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कापूस घालून बोळा केलास, त्याला गोड्या तेलाचा थेंब लावलास, आणि आता तुझं मनगट गोल गोल फिरतं आहे, अगदी मिस्त्रीसारखं. इतकी खूश मी तुला कधी पाहिलेली नाही आणि मला उगाचच रडू येतं. मी बोट पुढे केलं तर फटका बसला. "हात लावू नको! वाळून राह्यलं." पुढून मागून सगळं झाल्यावर मी विचारलं, इथे आता नाव कुणाचं लिहायचं? "कोरंच राहू दे. वाजवशील तं लोकं इचारतीन तुझं नाव."

पुढचा उन्हाळा लागला आणि ते चिकटायला लागलं. मी तक्रार केली तर तू फुगून बसलीस. मग गुपचूप अंगाला लावायची पावडर चोळून बघितलीस. शेवटी मिस्त्रीला घरी बोलावलंस. त्याने अंगठा टेकवला, उचलला, चट्ट आवाज झाला. "राळ जरा जास्त झाली, बाई. काढून टाका, मी बराबर मारून देतो." तू त्याच्या हातातून गिटार काढून घेतलीस. "न्हाई. बिलकुल काढायचं न्हाई. जिंदगीत येवढं येकच मारलंय मी." मिस्त्री चहा पिऊन गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात छातीत कफ झाल्याचं निमित्त होऊन तू गेलीस. थंडीत ते पॉलिश कधीच चिकटत नाही. त्या दिवसांत मी कितीदा तरी त्याच्यावर हात ठेवून बघितला, नुसतं गार लाकूड.

मग मला तीर्थपुरीच्या शाळेत नोकरी लागली. मुलांपुढे पुष्कळ वाजवली, पण नाव कोणी विचारलं नाही. मुलांच्या लेखी मी नुसती 'बाई'. लग्न जमवायला पुढाकार घेणारं कोणी नव्हतं, आणि मलाही घाई नव्हती. बघता बघता वय निघून गेलं. आता निवृत्त होऊन पुन्हा नवीन जालन्यातच दोन खोल्यांत राहते. संध्याकाळी वाजवते. गाणं संपलं की बाहेरच्या रिक्षांचा आवाज ऐकू येतो, बस. एकटं वाटतं, माय. तुला सांगायला कसली लाज.

इथवर लिहून काल उठले आणि लाख भिजत घातली. राळ आणलीच नाही. आज गॅस बंद ठेवला, मीही शिळंच खाल्लं. चाव्या सोडवून वाटीत ठेवल्या आणि स्पिरिटचं फडकं फळीच्या पुढच्या बाजूवर फिरवलं. खरवडायची गरजच पडली नाही. फडक्यावर काकवीसारखा रंग उतरला, त्यात धागे, माती, त्या मुंगळ्याचा पाय. आणि वास आला. कामावरून आलीस की तुझ्या पदराला यायचा तो. मी फडकं नाकाशी धरून किती वेळ बसले कोण जाणे. ते टाकून द्यायला हवं होतं, पेट घेणारी वस्तू. बाहेर दोरीवर वाळत घातलं आहे. खालून तुझा सरसाचा कोपरा निघाला, अजून घट्ट. त्यावर मी नवं पॉलिश मारलं, तुझ्यासारखंच गोल गोल. छान झालं आहे. तुझ्यापेक्षा छान, राग मानू नकोस.

शेजारीण बघून गेली, म्हणाली, अगदी नवी दिसते हो. पूर्ण झालं का? मी हो म्हणाले. हा कागद घडी करून गवसणीच्या खिशात ठेवते, दुसरीकडे कुठे धाडणार? फक्त एक तुला सांगायचं राहिलं. शेजारणीशी मी खोटं बोलले. फळीच्या मागच्या बाजूला मी फडकं लावलेलं नाही, ती तशीच आहे, तुझीच. उन्हाळा लागला आहे. गिटार उचलताना बोटं तिथे टेकली की धरल्यासारखी चिकटून राहतात, आणि मी ती लगेच सोडवून घेत नाही.