ओंडके ठोकून बघू का?

मल्लेश्वरम, बंगळूर, मंगळवार, १४ मार्च १९६१

आज पेपरांचा शेवटचा गठ्ठा संपवला. प्रश्न माझाच आणि त्यातला पूलही माझाच, फौजेत असताना ओढ्यावर बांधलेला. ओंडक्यांची जाडी, ट्रकचं वजन, सगळं खरं दिलं होतं. पूल भार पेलेल का? बाकी सगळ्यांनी गणित करून लिहिलं, पेलेल. मीही तेव्हा हेच उत्तर काढलं होतं. पूर्ण गुण दिले.

एकट्या मुनियप्पाने एकही आकडा मांडला नाही. सुताराचा मुलगा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच ओळ: आधी ओंडके ठोकून आवाज ऐकावा, आतून पोकळ असू शकतात.

हवालदार कदमही हेच म्हणाला होता. "साहेब, एकदा ठोकून बघू का?" मी म्हणालो, "आकडेमोड बरोबर आहे. वेळ घालवू नका." पहिलाच ट्रक मधोमध गेला आणि पूल मोडला. कदम त्याच ट्रकमध्ये होता. ओंडका आतून कुजलेला निघाला. चौकशीत माझी आकडेमोड मात्र निर्दोष ठरली. तिच्याच जोरावर आज प्राध्यापक म्हणून मिरवतोय!

सुशीलाला मुनियप्पाची ओळ वाचून दाखवली. कदमचं तिला कधीच सांगितलेलं नाही.

"अहो, खरंच आहे की ते! स्वल्प तरी गुण द्या."

"आकडेमोड कुठाय? गुण कशाचे देऊ?"

तोच माझा आवाज, ओढ्याकाठचा.

ठोकून बघायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं?

मुनियप्पाला शून्य दिलं. शून्य अगदी निर्दोष आलं.