डिफरन्शियल माझ्या पश्चात उघडावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटार मेकॅनिक, ओळखीपाळखीत 'कानसेन', आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. दडपण नाही म्हटले तरी बायको शेजारच्या स्टुलावर बसून आहे; कायदा त्याला दडपण धरत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. गॅरेजच्या टेबलाशी बसून मी सांगतो आहे आणि मुलगी टाइप करते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

निमित्त असे की, येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि आवाज येतोय म्हणाले. मी लगेच विचारले, जोर देताना येतो की जोर सोडताना? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे. ती म्हणाली, "ते पहिल्यापासून असेच आहेत. झडपेचा काही संबंध नाही."

कलम १. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, त्यातल्या सर्व वस्तूंसह, बायकोच्या. स्वयंपाकघरातला पंखा खडखडतो. मी रोज जेवताना तो ऐकून 'बुश गेलाय' असे निदान करत आलो. निदान फुकट होते, दुरुस्ती राहून गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे पंख्याखाली आहे. पंखाही तिचाच. बँकेत जे आहे तेही तिचेच. आकडा लिहीत नाही, वकीलबाईंसमोर लाज वाटते. शिवाय 'मी सांगत होते' हे वाक्य ती आजवर माझी मर्जी सांभाळून बेताने वापरत आली आहे. यापुढे तिने ते हवे तेवढे वापरावे. उलट उत्तर द्यायला मी नसेन.

कलम २. मेहुण्याने माझा जॅक 'संध्याकाळी आणून देतो' म्हणून नेला. ती संध्याकाळ अजून झालेली नाही. नेताना तो हँडल विसरला, ते मी भिंतीला टांगून ठेवले आहे. हे हँडल मी त्याला देतो. त्याचा जॅक पूर्ण होवो आणि तो वापरताना दर वेळी माझी आठवण होवो. याउपर त्याला काही नाही.

कलम ३. गॅरेजमधील पिवळ्या रेघेच्या अलीकडचे सर्व, लिफ्टसह, मुलीचे.

रेघेचा खुलासा करणे भाग आहे. गॅरेजच्या फरशीवर मधोमध एक पिवळी रेघ आहे. अलीकडे मी, पलीकडे गेज. गेज हा माझा भागीदार. आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, एकाच डब्यात जेवलो. मी कानाने काम करतो, बॉनेट न उघडता सांगतो. म्हणून मी कानसेन. तो मोजल्याशिवाय बोट लावत नाही. चहात साखर घालतानासुद्धा चमचा सपाट करतो. म्हणून तो गेज. दोघांचे मिळून एक चांगले डोके होत असे.

रेघ मारली तेव्हा लिफ्ट माझ्या बाजूला आली आणि कॉम्प्रेसर त्याच्या. त्यामुळे मला हवा लागली की मी मुलीला सांगतो. मुलगी म्हणते, काका, बाबांना हवा पाहिजे. मग माझ्यापासून दोन हातांवर उभा असलेला हा माणूस तिला म्हणतो, "त्यांना म्हणावं, नळी घ्या." त्यांना! ज्याने माझ्या ताटातली शेवटची पोळी न विचारता उचलली आहे, तो मला अहो-जाहो करतो. शिवी दिली असती तर इतके लागले नसते.

मुलीने माझ्यानंतर ही रेघ ठेवावी की पुसावी, हा तिचा प्रश्न. तिच्याकडे कॉम्प्युटर आहे. तो ऐकतही नाही आणि मोजतही नाही, सरळ कोड सांगतो. माझ्या लाल गाडीला तो लावून पाहिला तर 'दोष आढळला नाही' असे आले. कॉम्प्युटरला एवढे नावाजतात, पण डिफरन्शियलच्या बाबतीत तो माझ्याच पंक्तीला बसला.

कलम ४. लाल गाडी. या सगळ्याचे मूळ हीच.

गाडी दातांच्या एका डॉक्टरांची. दोन दारांची, मागच्या चाकांवर पळणारी, सुटली की पाठ सीटला चिकटवणारी. साठच्या पुढे नेऊन ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून 'ऊंऽऽ' असा रडका सूर निघे. मी एक फेरी मारून आलो आणि खाली उतरायच्या आत जाहीर केले, मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग. गेजने विचारले, वळणावर आवाज बदलला का? नव्हता बदलला. मग चाकाचे नाही, तो म्हणाला. चाकाचे असते तर वळताना वजन सरकल्यावर सूर बदलला असता. पाय काढल्यावर येतो म्हणजे डिफरन्शियल, त्यातल्या पिनियन नावाच्या छोट्या दातेरी चाकाच्या बेअरिंगचा ताण गेला असणार. उतरवू आणि मोजू.

मोटारीतले ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मेहुण्यासाठी, लिहितो. डिफरन्शियल हा मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर तो दोन्ही चाकांना वाटून देतो. वळणावर एक चाक जास्त फिरते, दुसरे कमी, तरी दोघांचे बिनसत नाही. आम्हा दोघांच्या मधला गोळा तेवढा चांगला निघाला नाही.

मी डावे बेअरिंग बदलले. आवाज होता. उजवे बदलले. आवाज होता. मग टायरना दोष दिला आणि टायर बदलले. आता गाडी फार सुंदर चालत होती आणि आवाज होता. तेव्हा मी मोठ्या मनाने मान्य केले की डिफरन्शियलच आहे, पण बेअरिंग नव्हे, दात! क्राउन या मोठ्या चाकाचे आणि पिनियनचे दात झिजलेत, अख्खी जोडी बदला. दातांच्या डॉक्टरांसमोर दातांचे बोललो की वजन पडेल असे मला उगाच वाटले.

डॉक्टरांनी विचारले, नक्की काय आहे? आम्ही दोघांनी एकदम उत्तर दिले, आणि ती दोन निघाली. मी म्हणालो, ज्याला ऐकू येत नाही तो मोजत बसतो. तो म्हणाला, ज्याला मोजता येत नाही तो ऐकत बसतो. मग रेघ आली. रंग माझा, ब्रश त्याचा. आम्ही मिळून केलेले ते शेवटचे काम. रेघ मात्र सरळ आली, कारण ती त्याने आधी मोजली.

डॉक्टर कंटाळून गाडी विकायला निघाले, ती मी हट्टाने घेतली. लोक विचारतात, स्वतःची गाडी, स्वतःची लिफ्ट, मग उघडत का नाहीस? मी म्हणतो, वेळ नाही. खरे असे आहे की, तो बरोबर निघाला तर मी तोंडघशी पडतो. आणि मी बरोबर निघालो तर भांडण मिटते, मग आमच्यात उरते काय? नळी आणि हवा. गाडी रडते आहे तोवर निदान एक विषय शिल्लक आहे, भले आम्ही तो बोलत नसू.

तेल मात्र मी वेळच्या वेळी बदलत आलो. निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असतो. दात तुटत असते तर त्याला कपचे चिकटले असते. दर वेळी नुसता राखाडी चिखल निघाला, म्हणजे दात शाबूत. तो मी कोणी बघायच्या आत पुसत आलो.

परवा मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारले, तुम्ही कानांनी ऐकलेत ना, मग एवढी यंत्रे कशाला लावता? ते म्हणाले, ऐकून संशय येतो, मोजून खात्री होते. कानावर विसंबून मी कुणाला उघडत नाही. हेच गेज मला जन्मभर सांगत होता. त्याचे मी ऐकले नाही. डॉक्टरांचे मुकाट्याने ऐकले आणि वर फी दिली.

सबब, माझ्या पश्चात या गाडीचे डिफरन्शियल गेजने, आणि गेजनेच, माझ्या मुलीसमक्ष उघडावे. बेअरिंग निघाले तर त्याच्या मनात येईल ते त्याने मला बोलावे. दात निघाले तर माझ्या फोटोसमोर उभे राहून 'तू बरोबर होतास' असे म्हणावे. 'तुम्ही' चालणार नाही. नंतर गाडी मुलीची.

कलम ५. माझी सर्व हत्यारे, पाने, पुलर आणि टॉर्क रेंच गेजला. तसेच माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर, ज्याचे टोक मशिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून मी इतकी वर्षे पोट भरले. तो त्याच्या काही कामाचा नाही. तरी त्यालाच.

कलम ६. साक्षीदार म्हणून समोरचा शिंपी आणि कोपऱ्यावरचा टायरवाला सही करतील. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि तसेच असावे लागते. साक्षीदाराला काही दिले तर ते देणे फुकट जाते, असे वकीलबाईंनी दोनदा बजावले आहे.

कलम ७. हे कलम ठरवून घातलेले नाही, ते आत्ता झाले.

शिंपी वेळेवर आला. टायरवाल्याकडे ट्रक लागला, तो येऊ शकत नाही. वकीलबाई घड्याळ पाहू लागल्या. तेवढ्यात मुलीने टाइप करणे थांबवले आणि माझ्या मागे पाहिले. मी वळलो तर गेज रेघेच्या अलीकडे उभा होता.

आमच्यामध्ये भिंत नाही, नुसता रंग आहे. मी सकाळपासून मोठ्याने सांगत होतो. ज्याला ऐकू येत नाही असे मी चारचौघांत म्हणालो, त्याने अक्षर न् अक्षर ऐकले होते. ऐकू यावे म्हणून त्याने कॉम्प्रेसर केव्हाच बंद केला होता. आणि तो बंद झाल्याचे या कानसेनाला कळले नव्हते.

त्याने चिंधीने हात पुसले, चौथे आणि पाचवे कलम उभ्यानेच वाचले आणि म्हणाला, साक्षीदार कमी आहे ना, मी करतो सही. वकीलबाईंनी त्याला समजावले की सही केलीत तर हत्यारे गेली, कलम पाच तुमच्यापुरते संपले.

"हत्यारं माझ्याकडं आहेत. पेन द्या," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू मेल्यावर कशाला? बुधवारी लिफ्टवर घेऊ. पाना मी फिरवतो, तू नुसतं ऐक."

बायको म्हणाली, "मी सांगत होते."

मुलगी हे आपणहून टाइप करणार नाही, म्हणून मीच इथे नोंदवतो. मला रडू आले.

सबब, कलम ५ मधील हत्यारे आता मुलीची. लांब स्क्रू-ड्रायव्हर मी गेजला बुधवारी हातात देणार आहे. जिवंत माणसाने दिलेल्या वस्तूला कायदा आडवा येत नाही. कलम ४ मधील फोटोची अट पूर्ण झाली असे समजावे. 'तू' म्हणून झाले आहे, बाकीचे मी सोडून देतो. ही दोन कलमे खोडू नयेत, गेजने ती अधूनमधून वाचावीत. मेहुण्याच्या हँडलमध्ये बदल नाही.

स्थळ: गॅरेज, पिवळ्या रेघेवर टेबल ओढून.
दिनांक: झडप बदलायच्या आधीचा सोमवार.

मृत्युपत्र करणाराची सही: कानसेन

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. माझ्यासमोर सही केली. माप जमले.

साक्षीदार दुसरा: गेज. माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहे. बेअरिंगच आहे.