नेहमीची जागा

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०
ह्यांच्या नावे पत्र आलं. डोंगरातल्या सायकल शर्यतीच्या आयोजकांचं. पंधरा नोव्हेंबर, चौपन्न किलोमीटर, तीन चढ, सगळं एका दिवसात. खाली हाताने लिहिलंय : तुमची नेहमीची जागा राखून ठेवली आहे.
नेहमीची म्हणजे शेवटची. अकरा वर्षं ह्यांनी इमानेइतबारे शेवटचा नंबर काढला. पण तो लेखी राखून ठेवावा? थट्टेलाही मर्यादा असते.
ह्यांना जाऊन पाच महिने झाले, असं उलट टपाली कळवलं. आणि मी स्वतः भाग घेणार आहे, असंही. कॉलेजच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली. एकही पेपर मिनिटभर उशिरा सुरू झाला नाही. चौपन्न किलोमीटरचं काय घेऊन बसलात! ह्यांच्यात शिस्त नव्हती, बाकी काही नाही. शर्यत वेळेत पूर्ण करून दाखवायची.
रडू आलं नाही. येत नाही. कामं पडलेली असतात.

९ ऑगस्ट, रविवार
वेळापत्रक तयार. तीन रंगांत. आठवड्याला शंभर किलोमीटर. भिंतीवर सरळ लागेना म्हणून दोनदा काढून लावलं. त्यात सकाळ गेली. सायकल उद्यापासून.

१७ ऑगस्ट
सायकल आजपासून. ह्यांचीच. सायकलवाल्या मिस्त्रींनी सीट खाली घेतली. म्हणाले, वहिनी, एकदम डोंगर कशाला, आधी बागेपर्यंत तर जाऊन या. मी म्हटलं, सल्ला मागितला नाही, सीट मागितली. त्यावर हसून म्हणाले, साहेब बरोबर सांगायचे. काय सांगायचे ते मी विचारलं नाही.
ह्यांची शर्यतीची सॅक उघडली. चार ट्यूबा, पंप, चेनच्या कड्या, बँडेज, मिठाच्या पुड्या, शिट्टी, एक नारिंगी जाकीट. वजन केलं. तीन किलो दोनशे ग्रॅम. एका माणसाला चार ट्यूबा! सगळा संसार पाठीवर घेऊन निघाल्यावर दुसरं काय होणार? सगळं कपाटात टाकलं. मी फक्त पाणी नेणार.
आजचं अंतर : बागेपर्यंत.

६ सप्टेंबर, रविवार
ठरले होते शंभर, झाले एकोणीस. वारा समोरून होता. जाताना आणि येतानाही.
मुलीचा फोन. आई, तू बरी आहेस ना, हे तीनदा विचारून झालं. बरी आहे म्हटलं. मग मूळ मुद्दा : बाबांची सायकल तू चालवतेस हे खरं का? मिस्त्रीकाकांनी चुगली केली होती. तुझं वय काय, गुडघे काय, पडलीस म्हणजे कोण बघणार, पाच मिनिटं चाललं. शेवटी म्हणाली, बाबा गेल्यापासून तू एकदा तरी मोकळी हो गं. मी म्हटलं, मोकळीच आहे, म्हणून तर सायकलला वेळ मिळतो. तिकडे ती रडायला लागली. मी गॅस बंद करून येते म्हणून फोन ठेवला. गॅस बंदच होता.

२२ सप्टेंबर
वजन दीड किलोने वाढलं. स्नायूंचं असणार.

११ ऑक्टोबर, रविवार
पहिला खरा चढ. दोन किलोमीटर. त्यातला दीड चालत, सायकल हाताने ढकलत. ढकलणं हाही सरावच. वेळापत्रकात चौथ्या रंगाने घातलं.
आयोजकांचा ई-मेल. फार वाईट वाटलं, लिहितात. तुम्ही त्यांच्या जागी येणार का? मी कळवलं : त्यांच्या जागी नव्हे, स्पर्धक म्हणून. शेवटचा नंबर आमच्या घरात आता पुरे.
शर्यतीच्या दिवशी हे घरी येत तेव्हा दिवे लागलेले असत. मी दारातच उभी. आंघोळीचं पाणी तापलेलं, माझं भाषणही. कितवे आलात? शेवटचा, असं हसून सांगायचे आणि बुटाच्या नाड्या सोडत सगळं ऐकून घ्यायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. इतका निर्लज्ज माणूस पाहिला नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार
एकूण सराव दोनशे सहा किलोमीटर. ठरलेला तेराशे. उरलेलं जिद्दीवर काढता येतं.

१५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ५.४०
नंबर एकशे बारा. सुटायच्या रेषेवर सगळ्यांच्या पुढे उभी आहे. वेळेआधी येणाऱ्याचा तो हक्कच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रमाने लिहिते.
पहिल्या दहा मिनिटांत एकशे अकरा जण पुढे गेले. मी ताकद राखून ठेवत होते.
बाराव्या किलोमीटरला पंक्चर. ट्यूबा कपाटात. दगडावर बसले. मागून एक बाई आली. चाळिशीची, नारिंगी जाकीट, पाठीवर फुगलेली सॅक. न विचारता माझं चाक काढायला लागली. दातांची डॉक्टर आहे म्हणाली. मी म्हटलं, बाई, तुझा वेळ जातोय, तू हो पुढे. तर म्हणते, काकू, मला पुढे जायची बंदी आहे. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, हेच माझं काम. कोणी पडतं, कोणाचं पंक्चर होतं, कोणी नुसतंच रडत बसतं. त्याला घेऊन यायचं. डोंगरात कोणी उरायला नको.
बोलकी होती. माझं हे पहिलंच वर्ष, म्हणाली. आधी अकरा वर्षं एक काका करायचे. गेल्या वर्षी मीच अशी रडत बसले होते, त्यांनी मिठाचं पाणी पाजून मला आत आणलं. मार्चमध्ये गेले हो. घरी काय सांगता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, शेवटचा आलो सांगतो, खोटं थोडंच आहे? बायको दारात उभं करून झाडते. तशी अबोल आहे, पण त्या दिवशी अर्धा तास सलग बोलते. खरं सांगून तो अर्धा तास कशाला घालवू?
मी म्हटलं, चेन नीट बसलेली नाही.
ती बसवली तिने. मी कोण ते सांगितलं नाही. पुढचे चौदा किलोमीटर ती मागून बोलत होती. हूं, हूं म्हटलं. चढ कसा होता ते आठवत नाही.
सव्विसाव्या किलोमीटरची चौकी साडेबाराला बंद. आम्ही बारा चौतीसला. डॉक्टरीणबाई भांडायला उभी राहिली. चारच तर मिनिटं, काकूंच्या तोंडाकडे तरी बघा! घड्याळवाला विरघळायला लागला होता. मीच म्हटलं, वेळ म्हणजे वेळ. मी चार मिनिटं उशिरा आलेल्या कोणाला वर्गात घेतलेलं नाही.
त्यांनी माझी सायकल ट्रकवर चढवली. मलाही. हातात केळं दिलं. खाल्लं. कशासारखंच लागलं नाही. डॉक्टरीण पुढच्या शेवटच्या माणसाच्या मागे निघून गेली.
घरी आले. दिवे लावले. मग दारात उभी राहिले आणि एवढा उशीर, असं मोठ्याने म्हणून पाहिलं. पुढचं भाषण आठवेना.
पाणी तापवलं होतं. गार झालं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
निकाल लागला. एकशे सात नावं. माझं नाही. अर्ध्यात सोडलेल्यांची नावं देत नाहीत. म्हणजे शेवटचा नंबरही मिळवावा लागतो.
आयोजकांना लिहिलं : पुढच्या वर्षी आमची नेहमीची जागा घ्यायला मी तयार आहे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
आयोजकांचं उत्तर. आभारी आहोत. परंतु मागे राहणाऱ्याने शर्यत एकदा तरी पूर्ण केलेली असावी, असा नियम आहे.
नियम योग्य आहे. मीही असाच केला असता.
मुलीचा फोन. आई, बरी आहेस ना? नाही म्हटलं.  गॅसकडे गेले नाही.
कपाटातलं सगळं सॅकमध्ये परत भरलं. वजन केलं. तीन किलो दोनशे. पाठीवर घेऊन निघाले.
आजचं अंतर : बागेपर्यंत.