सतराशे एक्कावन्नच्या पलीकडे

तामसी, जि. आदिलाबाद
८ जुलै २०२४

चि. हर्षदीप यास मामाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, तुझा खेळ परत रुसला. पेनड्राइव्हमधून दिलेला नवा भाग तू म्हणालास तसा कॉम्प्युटरवर उतरवला, तर पडदा काळा तो काळाच. फोन केला असता, पण फोनवर ऐकलेलं टेबलाशी येईपर्यंत विसरतो आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. कागद कसा, कीबोर्डला टेकवून ठेवता येतो. तेव्हा उत्तर कागदावरच लिही, स्केचपेनने, आणि अक्षर मोठं काढ. काचबिंदूने डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यालाही चारी बाजूंनी घेरलंय, मधलं तेवढं दिसतं.

तुझी मामी म्हणते, काऊन डोळे फोडून राह्यले त्या पोरखेळापायी. तिला कोण सांगणार! चांद्याचं गोंड राज्य सतराशे एक्कावन्नात नागपूरकरांनी घेतलं, हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. इंद्रवेल्लीच्या शाळेत असताना एका गोंड पोरीने विचारलं होतं, सर, आमचा राजा हरला नसता तर? मी म्हणालो, इतिहासात जर-तर नसतं, खाली बस. ती बसली बिचारी, पण तो प्रश्न मला अजून टोचतो. तुम्ही पोरांनी परक्या देशाच्या लढाईच्या खेळात आपल्या मुलखाची भर घालून हे मॉड का काय ते केलंत, तेव्हा वाटलं, आता उत्तर मिळेल. नजर आहे तोवर एकदा चांदा एक्कावन्नच्या पार न्यायचा आहे, दुसरं काही मागणं नाही. जुन्या भागात दोनदा हरलो. कुठे चुकतो ते सांग.

वृषाली कचेरीत जाताना हे पत्र टाकेल. लेकीला तेवढं काम सांगितलेलं चालतं.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा,
चंपत


पुणे
१९ जुलै २०२४

ती. मामांना सविनय जयभीम, वि. वि.

अक्षर पुरेसं मोठं आहे ना? एका पानावर सातच ओळी मावतात, त्यामुळे पाकीट जाड झालंय. पोस्टमन चिडला तर मामींच्या हातचा चहा पाजा त्याला.

पडदा काळा राहतो, कारण तुम्ही फोल्डरचं नाव मराठीत ठेवलंत. खात्रीने सांगतो, ‘चांदा’ असंच ठेवलं असणार. अभिमान कबूल, पण फोल्डरच्या नावात खेळाला आपली लिपी वाचता येत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत करा, लगेच उघडेल. जुना डाव नव्या भागात चालत नाही, सतराशे सालापासून पुन्हा मांडा. अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये जाऊन दीडपट करा.

आता डावाचं. पहिली वीस वर्षं कुणाशीही भांडू नका, तलाव बांधा, शेतसारा आपोआप वाढतो. मग माणिकगड आणि बल्लारपूरच्या भिंती पक्क्या करा. किल्लेदारांना जहागिरी देऊन खूश ठेवा. सैन्य वाटेतल्या नदीच्या अलीकडे थांबवा, नदी ओलांडून येणाऱ्याचं नुकसान जास्त होतं. आणि महिन्याला एकदा डाव सेव्ह करत जा, नाहीतर लाईट गेली की दहा वर्षं वाया.

जमेल मामा, धीर सोडू नका.

असाच जीव लावत राहा.
तुमचा भाचा,
हर्षदीप


तामसी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षदीप यास आशीर्वाद आणि जयभीम.

फोल्डरचं तू बरोबर ओळखलंस. नाव बदललं आणि खेळ सुरू झाला. तेव्हापासून सहा वेळा एक्कावन्नपर्यंत पोचलो आणि सहाही वेळा बुडालो. तलाव बांधले, भिंती बांधल्या, किल्लेदारांना नको नको म्हणेपर्यंत जहागिरी दिल्या. तरी त्या सालचा फाल्गुन आला की सारे एकाच दिवशी फुटतात. खजिना काल भरलेला, आज रिकामा. माझा हिशेब कच्चा, की लाच कमी पडते? सरळ सांग, भीड धरू नकोस.

मागच्या आठवड्यात वृषालीने बसने आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते तिच्याशी तेलुगूत बोलले. तिने मला सांगितलं, औषध चालू ठेवायचंय. पण तामसी येईपर्यंत पोरगी खिडकीबाहेरच पाहत होती, त्यावरून काय ते समजलो.

आता सकाळचे दोन तास तेवढे बरं दिसतं. पेपर सोडला, ते दोन्ही तास चांद्याला देतो. दिवाळीत मामीने नवं पातळ नेसून समोर येऊन विचारलं, कसं दिसते. मी छान म्हणालो, पण मान वळवली नाही. माणिकगडला वेढा पडला होता. फणकारून गेली.

लवकर लिही. आणि स्केचपेन काळाच घे, निळा मला दिसत नाही.

लोभ कमी न व्हावा.
तुझा मामा,
चंपत


पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतोय, मामांना दाखवू नकोस.

चांदा वाचूच शकत नाही गं. एक्कावन्न साल लागलं की किल्लेदार फुटतात आणि खजिना रिकामा होतो, खेळणाऱ्याने काहीही करो. ते मीच तसं लिहिलंय. सातवीला मामांच्याच वर्गात होतो, झालं ते झालं, हे त्यांनीच शिकवलेलं. मामांना जुलैतच सांगायला हवं होतं. पण त्यांचं पत्र वाचलं आणि हात धजला नाही. वाटलं, चार डाव हरतील आणि कंटाळतील. ते कंटाळले नाहीत, आणि प्रत्येक पत्राबरोबर खरं सांगणं जास्त अवघड होऊन बसलं.

सोबत पेनड्राइव्ह आहे. यात मी बदल केलाय, शत्रू येतो आणि परत जातो. हा चढव आणि गप्प राहा. एकदा जिंकू दे त्यांना, नजर जायच्या आत.

भावावर विश्वास ठेव.
तुझा,
हर्षदीप


तामसी
१९ जानेवारी २०२५

ती. हर्षदीपदादास सप्रेम जयभीम, वि. वि.

पेनड्राइव्ह वेळेत मिळाला, पण बाबांची नजर तेवढी थांबली नाही. नकाशात आपला हिरवा मुलूख कोणता, हे डिसेंबरातच ते मला विचारू लागले होते. म्हणून ते सांगायचे आणि मी माऊस चालवायची. परवा एक्कावन्न साल लागलं आणि सरलं. बावन्न उजाडलं तशी मी ओरडलेच. आई साखरेचा डबा घेऊन धावत आली.

बाबा मात्र परीक्षा घ्यायला बसल्यासारखे बसून राहिले. कोणता किल्लेदार फुटला, विचारलं. एकही नाही, म्हटलं. मग शत्रू परतला का? पडद्यावर ‘शत्रू परतला’ एवढंच होतं, ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे हर्षदीपचं वाक्य आहे. सातवीतही असाच कारण न देता उत्तर लिहायचा आणि मी गुण कापायचो. दादा, माझ्याने खोटं बोलवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी एकच विचारलं, त्याले कधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, जुलैपासून. बराच वेळ ते बोटांवर महिने मोजत राहिले. मग म्हणाले, सहा महिने, रोजचे दोन तास. तेवढीच नजर उरली होती माह्याजवळ, सारी त्या नकाशावर घातली. पोट्ट्यानं आधी सांगतलं असतं तर तुह्या आईचं तोंड पाह्यत बसलो असतो. आई साखरेचा डबा घेऊन तिथेच उभी होती.

तुला एकट्याला बोल लावत नाही. डॉक्टरांचं बोलणं मीही त्यांना अर्धंच सांगितलं होतं. आपण दोघांनी मिळून त्यांना फसवलं.

कॉम्प्युटरवर चादर टाकलीय. आई आता रोज सकाळी बाबांच्या समोर येऊन बसते. काल दिवाळीचं पातळ नेसली होती. त्यांनी रंग विचारला. तिने सांगितला, त्यांनी मान हलवली.

आमच्यावरचा जीव कमी करू नकोस, सवड काढून ये.
तुझी,
वृषाली

ता. क. बाबांनी तुला लिहायला सांगितलंय, त्यांच्याच शब्दांत देते. मी रागावलो नाही. पत्र पाठवत जा, वृषाली वाचून दाखवेल. अक्षर आता मोठं काढायची गरज नाही.