तिला परत आणायचं का?

३ फेब्रुवारी १९५४
टोरांटोच्या संपादकाचा फोन! गोष्ट घेणार — पण एक अट. घर सोडून विनिपेगला गेलेली माझ्या गोष्टीतली बाई संध्याकाळपर्यंत परतायला हवी. "नाहीतर वाचक बायका दुखावतील हो." आनंदाच्या भरात मी मोठमोठ्याने बोलत सुटले आणि विसरलेच, टेलिफोनच्या एकाच तारेवर आमची सगळी आळी आहे! घंटा कुणाचीही वाजो, उचलतात सगळे. मीसुद्धा. माझ्या निम्म्या गोष्टी तिथूनच आल्यात.
झालं. मी लिहिते हे आता गावाला कळलं.

४ फेब्रुवारी
एइनार गोठलेल्या तळ्यातली मासळीची जाळी काढून आला, मिशीत बर्फ. "ती बाई म्हणजे तूच का?" नाही म्हटलं. "मग वाढ." बस्स! नवरा रागावला की घाबरला? मला काही कळत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
चर्चमधल्या कॉफीला सगळ्या तुटून पडल्या. "आण गं तिला परत, पोरांचं कोण बघणार?" — "मुळीच नको! गेली ना एकदाची, जाऊ दे!" जिला तिला वाटतं, गोष्ट आपलीच.
एकटी शेजारची थोरा बाजूला. साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होती. तिचा नवरा सिगी पितो, हात उचलतो. अख्ख्या तारेला माहीत आहे, बोलत कुणी नाही. निघताना हळूच म्हणाली, "तिथं काम कुठं मिळतं गं तिला?"
"शिवणाच्या कारखान्यात. मनानंच लिहिलंय मी."
"हं."

९ फेब्रुवारी
परत आणली तर खोटी वाटते. नाही आणली तर गोष्ट छापणार नाहीत — आणि मला माझं नाव छापलेलं बघायचंय. बघायचंयच! काय करू?

१० फेब्रुवारी
हरले. संपादकाला फोन केला, "आणते परत." तारेवर कुणीतरी सुस्कारा टाकला.

१२ फेब्रुवारी
थोरा सकाळच्या बसने गेली! सिगी दारात येऊन ओरडला, "तुझ्या गोष्टीनं बिघडवली तिला!" पण मी तर परत आणली होती ना?

१५ फेब्रुवारी
फोन. थोरा, विनिपेगहून! "कारखान्यात घेतलं मला. तुझ्या बाईला आण हवं तर परत. मी नाही येत." मुद्दाम मोठ्याने बोलत होती. सगळे ऐकत होते, सिगीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.
तिने ठेवल्यावर मी तिथल्या तिथे टोरांटोचा नंबर मागितला, माझीही बाई परत येत नाही हे सांगायला. तरीही कुणी फोन खाली ठेवला नाही.