डबा रिकामा देऊ नये

आई,

मी आता समुद्राजवळ राहते. तू होतीस तेव्हा आम्ही इकडे अमेरिकेतच, पण बेलव्ह्यूला होतो. मोठं घर, पुढे गवत, मागे गवत, आणि दारात काळं कुत्रं फिरकत नाही. हे गेल्यावर ते घर मला खायला उठलं. रिटायर झाल्यावर टॅकोमाला राहू, बंदरावरच्या बोटी बघत बसू, असं हे नेहमी म्हणायचे. म्हटलं, त्यांची हौस तरी पुरी करू. लेकीने परवानगी दिली ती एका वर्षाची. ती इथून खूप लांब, शुगर लँडला डॉक्टर आहे. तिच्या घरात खालची खोली माझ्यासाठी तयारच आहे, देव्हाऱ्यासकट. वर्ष संपत आलं, की आईने मुकाट्याने बॅग भरायची!

पण मला हे गाव आवडायला लागलं, काय करू? रस्ते असे चढाचे की खाली धक्क्यापर्यंत मी ऐटीत चालत जाते आणि वर येताना बस पकडते. कधी फेरी बोटीत बसून समोरच्या बेटावर जाते, तिथे एक कॉफी पिते नि परत येते. कशाला? उगीच! उगीच कुठे जाता येतं हे मला या वयात कळलं. आभाळ निवळलं की शहरामागे बर्फाचा अवाढव्य डोंगर दिसतो, आणि त्या दिवशी बस स्टॉपवरची अनोळखी माणसंसुद्धा सांगतात, "आज डोंगर बाहेर आलाय, बघितलात का?" जसा काही सगळ्यांच्या घरचा पाहुणाच. आता मीही सांगते.

शेजारी एकटेच गृहस्थ राहतात, माझ्याच वयाचे, म्हणून म्हातारे म्हणत नाही. जन्म बोटीवर गेला. आता परसात मासे धुरावर भाजतात. मी आले त्याच आठवड्यात डबाभर सॅमन घेऊन दारात उभे. आता आपण शुद्ध शाकाहारी, पण इतक्या प्रेमाने आणलेलं नाही कसं म्हणायचं? घेतला. डबा फ्रीजरमध्ये रिकामा केला, चांगला तीनदा घासला, आणि परत द्यायला निघाले तर तुझा आवाज कानात आला.

अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर. मी शेजारच्या काकूंची वाटी धुऊन पुसून निघाले आहे, आणि तू पोळी लाटता लाटता ओरडतेस, "थांब गं भवाने! रिकामं भांडं द्यायला आपल्याकडे काय दुष्काळ पडलाय?" खरं तर महिनाअखेर होती, डबे खडखडत होते. तू वाटीत चार चमचे साखर घातलीस आणि म्हणालीस, "जा आता." तेवढं माझ्या हाडात मुरलं आहे बघ.

तेव्हा मी डब्यात बेसनाचे लाडू घातले. त्यांना वाटलं, बाईंना मासा फारच आवडला! पुढच्या आठवड्यात डबा परत, सॅमनने भरून. मी चिवडा घातला. पुन्हा सॅमन. असं अख्खं वर्ष चाललं, आई! परवा लेक मला न्यायची तयारी करायला आली, बर्फासाठी फ्रीजर उघडला आणि किंचाळली, "आई, व्हॉट इज ऑल धिस फिश?" मी सगळं सांगितलं. हसून हसून ती खुर्चीत बसली, मग डोळे पुसत म्हणाली, "पण आई, यू आर ऑल अलोन हिअर." मी फ्रीजरचं दार लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मन घट्ट केलं, सगळे मासे पिशवीत भरले आणि त्यांच्या दारात गेले. म्हटलं, मी मासे खात नाही, कधीच खाल्ले नाहीत. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मग लाडू कशासाठी?" मी म्हटलं, "डबा रिकामा देत नाहीत आमच्यात." तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, तुम्ही भरून पाठवता म्हणून मी भरून पाठवत होतो!" दोघंही त्या पायरीवर वेड्यासारखे हसलो. संध्याकाळी डबा आला, परसातल्या प्लम्सनी काठोकाठ भरलेला. लेकीने तो उचलला, एक प्लम खाल्ला, आणि हळूच विचारलं, "आता यात काय घालणार?" म्हटलं, शंकरपाळे. आणि तिला सांगितलं, तुझ्याकडे दिवाळीला येईन, चार दिवस राहीन, परत येईन. तिने मला मिठी मारली. रडली थोडी, पण बॅग भरली ती स्वतःचीच.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तेव्हा एक सांगायला हरकत नाही. रागावू नकोस. मासे परत करण्याआधी मी एक तुकडा खाऊन पाहिला. म्हटलं, ज्याच्यापायी वर्षभर खोटं बोलले, ते आहे तरी काय! मग चूळ भरली, देवापाशी दिवा लावला. चव वाईट नव्हती गं. तुला, बाबांना, यांना, लेकीला, कुणालाही न विचारता जन्मात केलेली ती माझी पहिली गोष्ट. इथे राहायचं ठरवलं, ती दुसरी.